चालत्या गाडीचा टायर बसला तर? पुण्यात गाडी चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की रस्त्यांची काय अवस्था होते ते पुणेकरांना सांगायला नको, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, टायर बसलाय, कुणाकडे जॅक आहे का. पार्किंगमध्ये बसलेला टायर ही नुसती कटकट असते, तो इथला विषय नाही. इथं बोलायचंय ते चालत्या गाडीच्या टायरबद्दल. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो कारण खालच्या निम्म्या उत्तरांत ती येणारच आहे: टायर आणि रिम वाचवायच्या नादात लोक नको त्या जागी थांबतात. टायर गेला तर गेला, थांबायची जागा नीट निवडा.

टायर बसतोय हे चालवताना कळतं कसं?

हवा हळूहळू जात असेल आणि टायर पुढचा असेल तर पहिल्यांदा स्टिअरिंगला कळतं. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि तुम्ही नकळत उलट्या बाजूला जोर लावून बसलेले असता. मागचा असेल तर स्टिअरिंगला फारसं काही जाणवत नाही, गाडीचा मागचा भाग डुलायला लागतो, वळणावर मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं. मग तो फडफड आवाज, काच खाली केली की लगेच ऐकू येतो.

पुण्यातली अडचण अशी की रस्ताच एवढा खडबडीत की गाडी खड्ड्याने हादरतीये का टायरने हेच समजत नाही. जरा गुळगुळीत पट्टा आला की दोन सेकंद लक्ष द्या, तिथंही थरथर चालूच असेल तर डावीकडे घ्या आणि उतरून बघा.

नवीन गाड्यांना टीपीएमएस असतं, म्हणजे टायरमधली हवा कमी झाली की सांगणारी यंत्रणा, डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं पिवळं चिन्ह आणि मधे उद्गारचिन्ह. थंडीत सकाळी सकाळी ते उगाच लागल्यासारखं वाटतं, पण उगाच नसतं, गार हवेत प्रेशर खरंच कमी झालेलं असतं. काही गाड्यांचं टीपीएमएस चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधतं, ते कुठला टायर हे सांगत नाही, खाली उतरून चारी बघावे लागतात.

हायवेला स्पीडमध्ये असताना टायर फुटला तर पहिल्यांदा काय करायचं?

पहिले दोन-तीन सेकंद करायचं काहीच नाही, फक्त धरायचं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट आणि गाडी आपल्या लेनमध्ये सरळ. आवाज बंदुकीच्या बारासारखा येतो, गाडी एकदम एका बाजूला खेचते, बाजूला बसलेली व्यक्ती ओरडते, आणि या सगळ्यात आपला पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो जाऊ द्यायचा नाही.

ॲक्सिलरेटरवरचा पायसुद्धा एकदम उचलायचा नाही, हळूहळू हलका करायचा. बसलेला टायर स्वतःच गाडीला एवढा ओढून धरतो की स्पीड आपोआप उतरतो. क्रूझ कंट्रोल चालू असेल तर तो मात्र लगेच काढा, स्टिअरिंगवरच्या बटणाने, कारण टायर मागे ओढतोय आणि क्रूझ स्पीड टिकवायला इंजिनला पुढे ढकलतोय असं होतं.

स्पीड ४०-५० पर्यंत उतरला आणि गाडी हातात आली असं वाटलं की मग डावा इंडिकेटर, आरसा, आणि एकेक लेन करत डावीकडे. इथं एक बारीक गोष्ट, बऱ्याच गाड्यांत हॅझार्ड, म्हणजे एकदम लुकलुकणारे चारी दिवे, चालू असताना इंडिकेटर दिसतच नाही. म्हणून लेन बदलेपर्यंत इंडिकेटर, डाव्या कडेला पोचलं की हॅझार्ड. शेवटी ब्रेक लावाल तो अगदी हलका.

आणि इंजिन बंद करू नका! घाबरून चावी फिरवणारे असतात. इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकही दगडासारखा कडक होतो.

पण गाडीला एबीएस आहे ना, मग ब्रेक मारायला काय हरकत आहे?

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. फुटलेल्या टायरला रस्त्याची पकड परत आणून देणं त्याच्या हातात नाही. चारपैकी तीन टायर रस्ता धरून आहेत आणि चौथा नुसता घासतोय, अशात जोरात ब्रेक मारला की गाडी फुटलेल्या टायरच्या बाजूला आणखी वळते. त्यात तुम्ही घाबरून उलट्या बाजूला स्टिअरिंग मारलं की झालंच, गाडी फिरते, आणि उंच एसयूव्ही असेल तर उलटू शकते. जोराच्या ब्रेकने किंवा वळणाने बसलेला टायर रिमवरून निसटतोसुद्धा आणि मग रिम थेट रस्त्यावर येते.

पुढचा फुटणं जास्त वाईट का मागचा?

दोन्ही वाईट, पण वेगवेगळे. पुढचा फुटला की गाडी त्या बाजूला ओढते, पण ओढ हातात जाणवते म्हणून आपण सावरतो. मागचा फुटला की मागचा भाग झोकांड्या खातो आणि सावरायला गेलं की आणखी झोकांड्या, कारण आपण दर वेळी उशिरा आणि जास्त स्टिअरिंग फिरवतो. मागचा फुटला तर हात शांत ठेवणं जास्त महत्त्वाचं. म्हणूनच दोनच नवीन टायर घेणार असाल तर ते मागे टाका असं टायर कंपन्या सांगतात. आपल्याकडे सर्रास पुढे टाकतात, ‘इंजिन पुढे आहे ना साहेब’ असं म्हणून.

गाडी थांबवायची कुठं?

जिथं टायर बसला तिथं नाही, एवढं पक्कं. आता जागेजागेचं वेगळं आहे.

कात्रज-देहूरोड बायपास घ्या. साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले ब्रिजपर्यंत सलग उतार आहे, तिथले अपघात तुम्ही पेपरात वाचलेलेच आहेत. मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापलेले असतात, काही महाभाग डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडतात. त्या उतारावर मधेच थांबून स्टेपनी काढत बसणं म्हणजे कमाल आहे. हॅझार्ड लावा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी डाव्या कडेने, टायरचा भुगा झाला तरी चालेल, सर्व्हिस रोड मिळेपर्यंत हळूहळू जात रहा. बोगद्यात आणि दरी पुलावरही तेच, बाहेर पडेपर्यंत थांबायचं नाही.

एक्स्प्रेसवेवर डावीकडे शोल्डर, म्हणजे लेनच्या बाहेरची थांबायची पट्टी, आहे, पण घाटात काही ठिकाणी तो नावालाच आहे. वळण संपल्या संपल्या थांबू नका, मागच्याला तुम्ही दिसणारच नाही. सरळ पट्ट्यावर, मागून लांबून दिसेल अशा जागी थांबा. टोलनाका, फूडमॉल किंवा पंप अगदी जवळ असेल तर तिथपर्यंत रांगत जाणं कधीही बरं. कामशेतचा बोगदा समोर दिसत असेल तर आत शिरायच्या आधीच थांबा. आणि हो, डिव्हायडरच्या बाजूला, म्हणजे उजव्या फास्ट लेनच्या कडेला, कधीच नाही. तिथं उतरलात तर परत डावीकडे यायला तीन लेन चालत ओलांडायच्या का?

गावात स्पीड कमी असतो त्यामुळे जिवाला धोका कमी आणि शिव्या जास्त. सिंहगड रोडच्या फ्लायओव्हरवर किंवा वाकडच्या पुलावर थांबाल तर मागे अर्धा तास ट्रॅफिक तुंबेल, पूल उतरून घ्या. पेठेत कुठल्याही बोळात घुसा. तिथले काका ‘गेटसमोर गाडी लावू नये’ या पाटीकडे बोट दाखवतील, तुम्ही टायरकडे दाखवा.

बसलेल्या टायरवर किती लांब जाता येतं? रिम जाईल ना?

हवा पूर्ण गेली असेल तर काहीशे मीटर, चालण्याच्या स्पीडने. त्यापुढे टायरची साईड रिमखाली चिरडून फाटते आणि अलॉय असेल तर तीही वाकडी होऊ शकते. पण छोट्या गाडीचा टायर पाच-सात हजारांत येतो. जागा धोक्याची असेल तर हा हिशेब करतच बसायचं नाही.

मात्र असं चालवल्यानंतर टायर बाहेरून ठीक दिसला तरी पंक्चरवाल्याला तो रिमवरून उतरवून आतून बघायला सांगा. आत हात फिरवला आणि बोटाला काळी रबराची पूड लागली, मिरपुडीसारखी बारीक, तर साईड आतून कुस्करली गेलीये. असा टायर पंक्चर काढून परत बसवायचा नाही, पुढच्या हायवेला तोच फुटेल.

थांबल्यावर पहिलं काम काय? जॅक काढू?

नाही, आधी माणसं काढा. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरायचं आणि रस्त्याच्या बाहेर, रेलिंग असेल तर रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभं रहायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे उभं राहून फोनवर बोलणारे बघितले की धडकी भरते, मागून कुणी ठोकलं तर गाडी नेमकी त्यांच्याच अंगावर येणार आहे. आजी-आजोबांना पाऊस आहे म्हणून आत बसवून ठेवू नका, छत्री द्या आणि बाहेर काढा.

मग लाल त्रिकोण. तो डिकीत असतो, बऱ्याच जणांनी गाडी घेतल्यापासून उघडलेला नसतो. गावात ५० मीटर मागे पुरतो, एक्स्प्रेसवेवर निदान १०० मीटर, म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे पावलं. जास्त वाटतं ना? ताशी १०० ने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, म्हणजे एवढं करून मागच्याला साडेतीन सेकंदच मिळतात. त्रिकोण ठेवायला जाताना रेलिंगच्या बाहेरून चाला, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, आणि तो उघडून अंगासमोर धरा.

त्रिकोण नसेल तर ट्रकवाले करतात तसं झाडाची फांदी ठेवा. दगड नको. लोक दगड ठेवतात, टायर बदलतात आणि दगड तिथंच सोडून निघून जातात, मग रात्री त्या दगडावर दुसऱ्या कुणाचा तरी टायर फुटतो.

हॅझार्ड चालूच ठेवा. आपल्याकडे पावसात घाटात चालत्या गाडीचेही हॅझार्ड लावायची जी फॅशन आलीये ना, तिच्यामुळे लोकांना आता हॅझार्ड दिसला तरी समोरचा थांबलाय का चाललाय हेच कळत नाही. म्हणून नुसत्या हॅझार्डवर भरवसा नको, त्रिकोण पाहिजेच.

एक्स्प्रेसवेवर स्टेपनी स्वतः बदलावी का?

डाव्या बाजूचा टायर असेल, शोल्डर रुंद असेल, उजेड असेल, तर बदला. उजव्या बाजूचा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की बदलू नका, कारण तुम्ही चाकापाशी उकिडवे बसलेले असताना तुमची पाठ चालत्या ट्रॅफिकपासून हातभर लांब असते. गाडी शोल्डरच्या अगदी डाव्या टोकाला नेऊनही पुरेशी जागा उरत नसेल तर मदत बोलवा. गाडीच्या कंपनीची किंवा इन्शुरन्सची रोडसाईड असिस्टन्स बऱ्याच जणांकडे असते आणि माहितीच नसतं, पॉलिसीचा कागद उघडून बघा. एक्स्प्रेसवेची हेल्पलाईन रस्त्याकडेच्या बोर्डांवर लिहिलेली असते. सातारा रस्ता किंवा सोलापूर रस्ता असे राष्ट्रीय महामार्ग असतील तर १०३३. काहीही गंभीर वाटलं तर ११२, ॲम्ब्युलन्सला १०८. फोनवर जागा सांगताना कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कुठल्या दिशेला तोंड आहे ते सांगा, नाहीतर मदतीची गाडी पलीकडच्या बाजूने निघून जाते.

स्टेपनी बदलायची नीट पद्धत सांगा ना, व्हिडिओ बघून गोंधळ होतो.

जमीन सपाट आणि कडक पाहिजे. मुरुमाच्या कडेवर किंवा पावसात भिजलेल्या मातीत जॅक एका बाजूला खचतो आणि गाडी जॅकवरून घसरते, म्हणून जॅकखाली टाकायला एक फळीचा तुकडा डिकीत ठेवा. हॅण्डब्रेक ओढा, गिअर टाका, चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर असेल तर रिव्हर्स, ऑटोमॅटिक असेल तर पार्किंग. जो टायर बदलताय त्याच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा, म्हणजे पुढचा डावा बदलताय तर मागच्या उजव्याला. (हा दगड मात्र जाताना उचला!)

आता सगळे चुकतात ती पायरी. नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे. गाडी उचलल्यावर चाक हवेत असतं, पाना फिरवला की चाकच फिरतं आणि जोर लावला की गाडी जॅकवर हलते. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट घड्याळाच्या उलट्या दिशेने अर्धा फेरा, जास्त नाही.

जॅक कुठं लावायचा, तर दाराखालच्या पट्टीला कंपनीने खाचा केलेल्या असतात, पुढच्या चाकाच्या जरा मागे आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे. हात घालून चाचपलं की लागतात. भलत्या जागी लावला तर पत्रा आत जातो. इलेक्ट्रिक गाडीत तर बॅटरी खालीच पसरलेली असते, तिथं जॅक नेमका त्या खाचेतच बसला पाहिजे.

टायर जमिनीपासून बोटभर सुटला की पुरे नाही, स्टेपनी फुगलेली असते, तिला आणखी दोन-तीन बोटं जागा लागते. काढलेला टायर गाडीच्या पट्टीखाली आडवा सरकवून ठेवा, जॅक घसरलाच तर गाडी टायरवर बसेल, तुमच्या पायावर नाही. गाडीखाली डोकं घालून बघायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

स्टेपनी चढवली की नट हाताने बसवा, मग पान्याने तिरके तिरके आवळा, म्हणजे एक आवळला की शेजारचा नाही, समोरचा. गोल गोल क्रमाने आवळलं तर चाक वाकडं बसतं. गाडी खाली घेतल्यावर शेवटचा जोर द्या. आणि साधारण ५० किलोमीटरनंतर एकदा थांबून परत आवळून बघा, एखादा तरी जरासा फिरतोच.

नट हलतच नाहीये, काय करू?

हे फार होतं, कारण टायरच्या दुकानात मशीनने नट असे आवळतात की परत कुणी उघडूच नये. पाना नटावर पूर्ण आत बसलाय ना हे आधी बघा, अर्धवट बसला तर नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो सात जन्म निघत नाही. पान्याचा दांडा डावीकडे आडवा करा, गाडीला हात टेकवा आणि दांड्याच्या टोकावर पायाने हळूहळू वजन द्या. उड्या नाही, वजन. आधी काहीच होत नाही, मग कट्ट असा आवाज येतो आणि दांडा एकदम खाली जातो, त्यामुळे तोल सांभाळून. गाडीतल्या आखूड पान्यापेक्षा चार तोंडांचा क्रॉस पाना आणून ठेवा, नाना पेठेत सहज मिळतो, दोन्ही हातांनी जोर लावता येतो. अलॉयला लॉकनट, म्हणजे खास चावीनेच उघडणारा नट, असेल तर त्याची चावी ग्लोव्हबॉक्समध्ये पाहिजे, घरच्या ड्रॉवरमध्ये नाही.

नट निघाले पण चाकच हबला चिकटलंय असंही पावसाळ्यात होतं, गंजामुळे. एक नट दोन आटे अडकवून ठेवा, म्हणजे चाक एकदम अंगावर येणार नाही, आणि टायरला बाजूने टाचेने हलके ठोके द्या. गदागदा हलवू नका, गाडी जॅकवर आहे.

माझ्या नवीन गाडीत स्टेपनीच नाहीये! हे कायदेशीर आहे का?

आहे. २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलं असेल तर कारला स्टेपनी देण्याची सक्ती नाही. किटमध्ये एक छोटा कॉम्प्रेसर आणि एक डबा, त्यातलं चिकट औषध व्हॉल्व्हमधून आत जातं आणि भोक बुजवतं. खिळ्याचं भोक असेल तर काम होतं. टायर बाजूने फाटला असेल, खड्ड्यात आपटून कापला असेल, तर त्या डब्याचा काही उपयोग नाही, टो करावीच लागते. औषध घातल्यावर ८० च्या वर जायचं नाही आणि सरळ टायरवाल्याकडे, त्याला आधीच सांगा आत औषध आहे म्हणून, नाहीतर तो टायर उघडताना वैतागतो.

खरं सांगायचं तर ताम्हिणीसारख्या रस्त्याला, जिथं रेंज नाही आणि दुकान नाही, तिथं जाणाऱ्याने स्टेपनी नसलेली गाडी घेताना दहादा विचार करावा.

बारीक स्टेपनी आहे, त्यावर कोकणात जाऊन येऊ का?

नको. तिच्यावरच ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ती पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला आहे.

पंक्चरवाला म्हणतो टायरमध्ये पाच पंक्चर आहेत. खरं असेल का?

असूही शकतं, आणि नसूही. बहुतेक पंक्चरवाले इमानदार असतात, पण खिळे टाकून बसणारे आणि टोच्याने जास्तीची भोकं पाडणारे महाभागही आहेत. उपाय एकच, समोर उभं रहा. साबणाचं पाणी टायरवर फिरवलं की खऱ्या पंक्चरवर बुडबुडा फुगत जातो, थांबत नाही. नुसता फेस म्हणजे पंक्चर नाही. प्रत्येक बुडबुडा आधी दाखवायला सांगा, खडूने खूण करायला सांगा आणि मगच टोचा आत जाऊ द्या. ‘दादा, एकेक दाखवा की’ एवढं गोड शब्दात म्हटलं तरी बऱ्याचदा पाचाचे दोन होतात.

स्ट्रिप का मशरूम पॅच हा पुढचा प्रश्न. स्ट्रिप बाहेरूनच घालतात, दहा मिनिटांचं काम, गावात चालते. मशरूम पॅच टायर उघडून आतून लावतात, पैसे जास्त पण आतून टायर बघितलाही जातो. हायवे फिरणाऱ्यांनी मशरूमच लावावा. साईडला पंक्चर असेल तर दोन्ही नाही, टायर बदला. ‘चालतंय, काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

टू-व्हीलरचा टायर चालताना बसला तर?

निम्मं पुणं दुचाकीवर, त्यामुळे हा प्रश्न खरं तर वर पाहिजे होता. तत्त्व तेच, हॅण्डल घट्ट, सरळ, ॲक्सिलरेटर हळू सोडा. जो टायर बसलाय त्याचा ब्रेक वापरायचा नाही, दुसरा हलका लावायचा. पण आता १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना कॉम्बी ब्रेक असतो, स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणून पुढचा बसला असेल तर शक्यतो ब्रेकशिवायच गाडी मंदावू द्या. पुढचा बसल्यावर हॅण्डल लटपटतं, वजन जरा मागे घ्या, पाय लगेच खाली सोडू नका. मागे बसलेल्याला हलू नको म्हणून सांगा.

ट्यूबलेस असेल तर हवा सावकाश जाते, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळूहळू पोचता येतं. ट्यूबवाला असेल तर हवा एकदम जाते, आणि तसंच चालवत नेलं तर ट्यूब आत सरकून व्हॉल्व्हपाशी फाटते, मग पंक्चर निघत नाही, ट्यूबच नवीन. ढकला, किंवा मेकॅनिकला तिथं बोलवा.

रात्री एकटी असताना टायर बसला तर थांबू का?

जिथं उजेड आणि माणसं आहेत तिथपर्यंत थांबू नका. पंप, हॉटेल, टोलनाका, सोसायटीचं गेट, काहीही. टायर आणि रिम दोन्ही गेले तरी चालतील. थांबल्यावर लाईव्ह लोकेशन घरी पाठवा, ११२ लावा, संकोच करू नका, त्यासाठीच तो नंबर आहे. हायवेच्या कडेला अडकलात तर मागून ठोकर बसायचा धोका आणि माणसांचा धोका, दोन्हींचा विचार करावा लागतो. गाडी रस्त्यापासून पूर्ण बाहेर असेल तर आत लॉक करून बसणं ठीक, शोल्डरवर असेल तर बाहेर रेलिंगपलीकडे. ‘मॅडम, मागचा टायर बसलाय’ असं शेजारून जाणारा बाईकवाला खुणावत असेल तर खरंही असेल, पण लगेच थांबू नका. गाडी नीट चालत असेल तर पंपावर जाऊन बघा.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणतात, खरंय का? आणि नायट्रोजन?

चूक, आणि धोकादायक चूक. हवा कमी असली की टायरची साईड प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्याने ती तापते, आणि तापून तापून फुटते. एक्स्प्रेसवेवर भर दुपारी फुटणाऱ्या टायरमागे बऱ्याचदा हेच असतं, कमी हवा, भरलेली गाडी आणि १०० च्या वरचा स्पीड. किती हवा हे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, पाच माणसं आणि सामान असेल तर आकडा वेगळा असतो, तो बघा. हवा टायर थंड असताना मोजायची. लोणावळ्यात पोचल्यावर गरम टायर मोजून ‘जास्त झालीये’ म्हणून काढून टाकू नका.

नायट्रोजनने हवा जरा हळू उतरते, एवढंच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरा.

टायर कधी बदलायचा?

खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिलीमीटर उरलं, कारसाठी कायद्याची मर्यादा तीच. पावसाळ्याच्या तोंडावर मी त्याच्याही बरंच आधी बदला म्हणेन. बाजूला फुगवटा दिसला तर खाचा नव्या असल्या तरी लगेच. वय बघायचं तर टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी दाखवून घ्या, गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी रबर म्हातारं होतंच.

इन्शुरन्समधून टायरचे पैसे मिळतात का?

नुसता टायर फुटला तर साध्या पॉलिसीत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्के मिळतात. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन मिळतं, अलॉय महाग असतील तर विचार करा.

निघायच्या आधी काय तपासू?

चारी टायर सगळेच बघतात. पाचवा बघा. स्टेपनी डिकीत पडून पडून हवा सोडते आणि गरजेच्या वेळी तीही बसलेली निघते. हवा भरायला गेलात की पंपावरच्या पोराला सांगा स्टेपनीत दोन-तीन पीएसआय जास्तच मार, कमी करता येते कधीही. त्याच वेळी जॅक, पाना आणि टो-हुक जागेवर आहेत का बघा, सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीत खास करून. आणि डिकीतलं गणपतीचं डेकोरेशन, बॅडमिंटनची किट, रद्दीची पिशवी, जे काय स्टेपनीवर रचून ठेवलंय, ते घरी ठेवून या, नाहीतर खंबाटकी घाटात पावसात ते सगळं रस्त्याकडेला मांडून बसावं लागतं.